काचेचे कप

आमच्याच घराच्या दारात मी भिक्षापात्र धरून उभा होतो अन् माझी आई माझ्या पाया पडत होती.

नुसतं वाकून नाही. गुडघे टेकून, दोन्ही हात टेकून, कपाळ फरशीला लावून, तीनदा. पौर्णिमेला नेसायची ती पांढरी साडी नेसली होती. माझ्या पुढं श्रामणेरांची, म्हणजे दहा दिवसांच्या शिबिरापुरतं चीवर घेतलेल्या पोट्ट्यांची रांग, मागं माझा दोस्त निकेश, सगळ्यांची डोकी तासलेली अन् उन्हात चमकणारी. मे महिना होता. सकाळ होती तरी कोळशाच्या धुळीचा तो काळा रस्ता पायाला चटके देत होता. भिक्षाटनाचा नियम असा की अनवाणी चालायचं, तोंडानं मागायचं नाही, पात्रात पडेल ते घ्यायचं, अन् नजर खाली ठेवायची. लोकांच्या घरात डोकवायचं नाही.

माझे डोळे कोणाचं ऐकत नाहीत. आई वाकलेली होती तेवढ्यात मी तिच्या पाठीवरून आत पाहून घेतलं. माझी खाट उभी करून भिंतीला लावलेली. त्या जागी उत्पलाचं दप्तर, तिची पुस्तकं पसरलेली. अन् वर फळीवर काचेचे कप, निळ्या फुलांचे, बशांसकट.

ते कप मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. आईच्या लग्नात मामानं दिलेला सेट होता तो. त्यातले दोन फुटले, तेव्हा आईनं उरलेले जुन्या साडीत गुंडाळून पेटीत टाकले अन् घरात सगळं स्टीलचं आलं. मी म्हटलं, पाहुणे येणार असतील. उद्या बुद्धपौर्णिमा, शिबिराची सांगता, अन् बाबा तर विहार समितीचे अध्यक्ष.

आई उठली. हात लांब करून तिनं पात्रात भात वाढला, वर वरण घातलं. मी पात्र जवळ घ्यायला गेलो तर काखेतलं झाकण निसटलं. स्टीलचं झाकण ते, फरशीवर पडून गोल गोल फिरत खणखणत राहिलं. आई पटकन दोन पावलं मागं सरली. तिच्या मागं माझी बहीण उभी होती, पाचवीतली उत्पला, ती सरळ दाराच्या आडच गेली.

मला काय वाटलं सांगू? छाती फुगली माझी. बाईमाणसानं भंतेला शिवायचं नसतं, अंतर राखायचं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आठवडाभरापूर्वी जी बाई 'जित्या, मेल्या, आंघोळ कर' म्हणून मागं लागायची, तीच आज माझं झाकण पडलं तर अदबीनं मागं सरते. चीवराची ताकद पाहा, म्हटलं मनात.

झाकण निकेशनं उचललं. आई खाली बघत म्हणाली, "वंदामि भंते."

"सुखी होतु," मी म्हटलं. शिकवलं होतं तसंच, हळू आवाजात.

माझं नाव प्रसेनजित. आमच्या वस्तीत, टोल्यावर, सगळे जित्या म्हणतात. शिबिरात डोकं भादरल्यावर भंते धम्मसार यांनी प्रत्येकाला नवं नाव दिलं, मला दिलं खंतिपाल. खंती म्हणजे सहनशीलता, ती पाळणारा. नाव ऐकून आमच्या टोल्यावरची पोट्टी तोंडावर चीवर घेऊन हसली. भंतेजींना माझ्याबद्दल कोणी काय सांगितलं होतं ते तेव्हाच कळलं.

सांगण्यासारखं होतंही. दहावीच्या वर्षी गणिताच्या सरांनी मला खडू फेकून मारला, मग डस्टर. डस्टर मी परत मारला. सरांना लागला नाही, खिडकीला लागला. त्या दिवशी दप्तर घेऊन निघालो तो शाळेत पुन्हा गेलोच नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी हे चाललं असतं. आमचे बाबा चौदा एप्रिलला माईक धरून तासभर शिक्षणावर बोलतात. शिका, शिका, पोटाला चिमटा घेऊन पोरं शिकवा. अन् त्यांचाच पोट्टा खाणीच्या गेटवर डंपरवाल्यांसोबत पत्ते कुटत बसतो. लोक तोंडावर बोलत नव्हते. बाबांना ते जास्त लागायचं.

मग घरात रोजचंच झालं. बाबा ड्यूटीवरून आले की पहिला शब्द माझ्यावर. ते एक बोलले की मी दोन बोलायचो. मी बोललो की त्यांचा हात उठायचा. बापावर उलटा हात तर टाकता येत नाही, म्हणून मग माझ्या हाताला जे लागेल ते भिंतीवर जायचं. ताट, गिलास, रिमोट, काहीही. माणसाला मी कधी हात लावला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शिबिरात मला बाबांनीच घातलं. दहा दिवस डोकं थंड राहील म्हणे. मी गेलो ते घरातून सुटका म्हणून. पण टेकडीवरच्या विहारात वेगळंच झालं. पहाटे उठायचं, वंदना, मग डोळे मिटून श्वासाकडे पाहत बसायचं. दुपारी बारानंतर अन्न नाही. पहिले दोन दिवस पोटात नुसता जाळ. निकेश तर रडायला आला, म्हणाला, बुद्ध व्हायचं राहू दे बे, मले एक समोसा आणून दे. नंतर सवय झाली. वारं यायचं टेकडीवर, खाली खाणीचे ढिगारे, लांब धूर, अन् आपण त्या सगळ्याच्या वर. मला कोणी 'ए' म्हणत नव्हतं. म्हातारे लोक येऊन पाया पडायचे. अन् मला राग येत नव्हता. मी वाट पाहायचो त्याची, पण यायचाच नाही.

भिक्षाटन झालं त्या दिवशी दुपारी मी भंतेजींकडे गेलो. ते बोधिवृक्षाच्या पारावर बसून आपलं जुनं चीवर शिवत होते. मी म्हटलं, उद्या सगळे चीवर उतरवतील, पण मला नाही उतरवायचं. मला कायमचं राहायचं आहे.

त्यांनी सुईवरून मान वर केली नाही. "कशासाठी?"

"इथं मले राग येत नाही, भंते."

"इथं तुला कोणी नाही म्हणत नाही. येईल कसा?" दोरा दातानं तोडला त्यांनी. "गेला नाही तो. झोपलाय."

"मग झोपू द्या ना."

यावर ते हसले. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी राहुलाची गोष्ट काढली. बुद्धानं आपल्या पोराला, राहुलाला, घरी न विचारता प्रव्रज्या दिली, संघात घेतलं, तेव्हा म्हातारा शुद्धोदन राजा कळवळून म्हणाला की पोटचा गोळा असा नेला की कातडी सोलून आत हाडापर्यंत दुखतं. यापुढं आईबापाची परवानगी नसेल त्या पोराला घेऊ नका. तेव्हापासून तो नियमच झाला. दोघांची परवानगी लागते, आईची अन् बापाची.

"बाबा हो म्हणतील," मी म्हटलं. "आई नाही म्हणेल. रडेल खूप. तिची समजूत काढावी लागेल."

"खात्री आहे?"

"माझी आई आहे ती, भंते."

ते पुन्हा सुईत दोरा ओवू लागले. संध्याकाळच्या ध्यानात मी श्वासाकडे पाहणं सोडून आईचाच विचार करत बसलो. ती रडणार, पदर तोंडाला लावणार, म्हणणार की माझा एकच पोरगा आहे. मग मी काय बोलायचं ते जुळवून ठेवलं. आई, मी कुठं लांब जात नाही. पौर्णिमेला येत जाईन तुझ्या दारात. तू वाढशील तेच खाईन. पाठ केलं मी ते. डोळे मिटलेले, शेजारी निकेशला वाटलं मला ध्यान लागलं.

सकाळी टेकडीच्या पायथ्याशी कमानीला फ्लेक्स लागला होता. भंतेजींनी रात्री बाबांना निरोप दिला असेल, कारण फ्लेक्सवर माझा फोटो होता. म्हणजे तोंड माझं. शाळेच्या ओळखपत्रावरचं. केस पुसून टक्कल केलेलं अन् खाली दुसऱ्याच कोणाचं तरी चीवरातलं धड, माझ्यापेक्षा गोरं अन् भरलेलं. मानेपाशी रंग बदलत होता. अन् कानात माझी बाळी तशीच राहिली होती, ती पुसायला विसरले होते. 'आमचे सुपुत्र श्रामणेर खंतिपाल यांच्या धम्मप्रवेशास मंगल कामना.' बाजूला बाबांचा हात जोडलेला फोटो, माझ्यापेक्षा मोठा.

निकेश म्हणाला, "भंतेला बाळी असते का बे?"

मला हसू आलं. त्याच वेळी आत काहीतरी खुपलंही. मला सुपुत्र म्हणायला बाबा किती वर्षं थांबले असतील, अन् ते म्हणता आलं कधी तर मी घरातून गेल्यावर. पण मी ते जाऊ दिलं. म्हटलं, बाबांचं बाबांपाशी. आई आहे ना.

विहार खचाखच भरलं होतं. बायका एकीकडे, माणसं एकीकडे, पंखे गरम हवा फिरवत होते. बाकीच्या पोट्ट्यांनी एकेक करून शील, म्हणजे श्रामणेराचं व्रत, परत केलं, चीवर उतरवलं, घरच्यांनी आणलेले नवे कपडे घातले. निकेशच्या मायनं त्याला तिथंच मिठी मारली अन् टकलावरून हात फिरवत राहिली. मी एकटा चीवरात राहिलो. पुढं आसनावर बसलो होतो, पात्र मांडीवर.

भंतेजींनी सगळ्यांना राहुलाची गोष्ट सांगितली. मग बाबांना उभं केलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत बाबा म्हणाले, "आनंदानं, भंते. माझा मुलगा मी संघाले दान दिला."

"साधू, साधू, साधू," सगळं विहार एका आवाजात म्हणालं. बाबांचे डोळे भरून आले होते. खरेच आले होते, खोटं कशाला बोलू. मी शाळेत पहिला आलो असतो तर असेच आले असते.

"आईचं काय म्हणणं आहे?" भंतेजींनी विचारलं.

"माझं तेच तिचं," बाबा म्हणाले.

"त्यांना बोलू द्या."

आई बायकांमध्ये मागं बसली होती. बाजूच्या बाईनं तिला कोपर मारलं तेव्हा उठली. कोणीतरी माईक तिच्या तोंडापुढं धरला. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. मी पाठ केलेलं सगळं जिभेवर आणून ठेवलं होतं.

"ठेवून घ्या, भंते," आई म्हणाली.

लोक साधू म्हणायला लागले तसा भंतेजींनी हात वर करून थांबवलं. "वच्छलाताई, एकुलता मुलगा आहे. समितीसाठी, लोकांसाठी हो म्हणू नका. मनावर दगड ठेवून तर मुळीच नको."

"दगड नाही ठेवला," आई म्हणाली. मग असं बोलली जसं कोणाला नाही, स्वतःलाच सांगते आहे. "काचेचे कप काढले मी, भंते. पेटीतून. पोट्टी रोज त्याच्यात चहा पिते."

दोन-चार बायका हसल्या. एक म्हणाली, काय बोलते ही बाई. बाबा माईककडे हात करून म्हणाले, घाबरली ती, सवय नाही तिला. कोणालाच कळलं नाही.

मला कळलं. ते दोन कप मी भिंतीवर मारले होते. एक बाबांच्या डोक्यावरून गेला. दुसरा दाराच्या चौकटीला लागला अन् चौकटीत उत्पला उभी होती, पेला घेऊन पाणी प्यायला निघालेली. तिला लागला नाही. काच उडाली फक्त. मी म्हटलं ना, माणसाला मी हात लावला नाही.

भंतेजी आईकडे बघत राहिले अन् मग माझ्याकडे वळले. "खंतिपाल, तुझं काय?"

माझ्या तोंडात सगळी समजूत तयार होती अन् ती काढायला समोर कोणी नव्हतं. टेकडीवर दहा दिवस झोपलेलं ते उठलं. पायापासून उठलं.

"मले हाकलायचं होतं तर सरळ हाकला ना," मी आईला म्हटलं. माईक नसतानाही शेवटच्या माणसापर्यंत गेलं असेल. "त्याले चीवर कशाले पाहिजे?"

अन् मांडीवरचं पात्र मी भिरकावलं. खांबाला लागून ते फरशीवर पडलं अन् फिरत राहिलं. पंख्यांच्या आवाजात तेवढाच एक आवाज. उत्पलानं दोन्ही कान झाकले होते, अन् ते पात्र पडायच्या आधीच. कान केव्हा झाकायचे ते तिला माहीत होतं.

आई या वेळी मागं सरली नाही. हललीही नाही. ती भंतेजींकडे बघत होती, पाहिलं ना तुम्ही, अशी.

बाबा धावत आले. हात वर गेला अन् माझ्या कानाजवळ येऊन थांबला. चीवर होतं अंगावर. चीवराला कसा मारणार? त्यांचा तो हात तसाच हवेत राहिला. दात खाऊन म्हणाले, "आधी ते काढ."

"देविदासजी, बसा," भंतेजी म्हणाले.

मला ते मागच्या खोलीत घेऊन गेले. बाहेर कोणीतरी खीर वाटायला घ्या, खीर वाटायला घ्या म्हणत होतं. मी शील परत केलं, त्यांच्या मागोमाग शब्द म्हटले. चीवर उतरवून त्यांच्या हातात दिलं. ते घडी घालत राहिले, अगदी सावकाश, काठाला काठ जुळवून.

"परत यावंसं वाटलं तर ये," म्हणाले. "फक्त लपायला येऊ नको."

कशाला लपायचं, कोणापासून, असं काहीतरी उलट बोलणार होतो, पण त्यांनी पात्र उचलून आणलं होतं अन् त्याला पडलेला पोचा अंगठ्यानं दाबून बघत होते. बाबांनी मला नवे कपडे आणलेच नव्हते. कशाला आणतील? शिबिराला येताना घातलेली जीन्स अन् काळा टीशर्ट पिशवीत होता, तो चढवला. जीन्स कमरेत ढिली झाली होती.

मागच्या दारानं बाहेर पडलो. दुपार तापली होती अन् दगड पोळत होते. चपला कुठं असतील म्हणून बघत होतो, तर विहाराच्या कोपऱ्यावरून उत्पला आली. हातात माझ्या घरी राहिलेल्या चपला. घरून आणल्या असतील आईनं, मी घरी परतणार म्हणून की जाणार म्हणून, मला माहीत नाही. मी आईला कधी विचारलंही नाही.

"आण इकडं," मी म्हटलं. साध्या आवाजात म्हटलं होतं.

ती जागीच थांबली. वाकली अन् चपला खाली ठेवल्या. त्या माझ्यापासून लांब होत्या, मग तिनं बोटांनी त्या पुढं ढकलल्या, एक, मग दुसरी. आईनं भात वाढताना हात लांब केला होता तसाच हात. पोचल्या एवढं पाहिलं अन् दोन पावलं मागं सरली.

माझ्या अंगावर जीन्स होती. कोण भंते अन् कसलं अंतर? तरी ती तेवढीच मागं सरली, जेवढी आई दारात सरली होती. मोजून तेवढीच.

"उत्पला," मी म्हटलं. तोवर ती कोपऱ्यावरून पळून गेली होती.

मी चपला घातल्या. त्या दिवशी घरी गेलो नाही, विहारातही परत गेलो नाही. एक डंपर मिळाला, मग ट्रक. आता नागपूरच्या बाहेर हायवेवर टायर काढतो-बसवतो. तिसरं वर्ष आहे. केस केव्हाच वाढलेत. इथं लोखंडाशी काम, दिवसभर आदळआपट, कोणी दचकत नाही. आई फोन करते, जेवलास का विचारते. घरी ये असं अजून म्हणाली नाही अन् मीही विषय काढत नाही. मागं कधीतरी एकदा बोलताना पलीकडं काहीतरी फुटल्याचा आवाज आला. आई म्हणाली, काही नाही, कप पडला उत्पलाच्या हातून. अन् दोघी हसल्या. फोनवर मी ते हसणं ऐकत राहिलो.

रागात काही गोष्टी बऱ्या होतात म्हणायच्या. चीवर अंगावर राहिलं असतं तर उत्पला मागं सरलेली पाहून मी पुन्हा छाती फुगवली असती, अन् हळू आवाजात म्हटलं असतं, सुखी होतु.